मारेकऱ्याची घरकामं

पहाटे साडेचार

आजी उठली की घरात कुणी झोपायचं नाही असा काही नियम नाही, पण होतं तसंच. टॉवेल, पितळी तांब्या, कोरडं लुगडं अशी जमवाजमव करताना ती स्वतःशी बोलते आणि ते बोलणं भिंतीपलीकडे नीट ऐकू येतं. मग ती भीमेश्वराच्या देवळाकडे, कुंडावर जाते. गणेशपुरीत हयात गेलेल्या तिच्या पिढीला घरच्या नळाखालची अंघोळ म्हणजे आजाऱ्याची सोय वाटते. कुंडाचं पाणी उगमाशी पन्नास अंशांच्या आसपास असतं. नित्यानंदबाबांच्या समाधीच्या दर्शनाला आलेले मुंबईकर त्यात अंगठा बुडवतात आणि ओरडून बाहेर काढतात. आजी तांब्याने आधी पायावर, मग पाठीवर घेते आणि अंगाला सवय झाली की सावकाश आत उतरते.

लोक याला गंधकाचं पाणी म्हणतात. रसायनाच्या भाषेत ते मुख्यतः खारट पाणी आहे. पावसाचंच पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखी वगैरे काही नाही. पालघरकडच्या कोकणेरपासून खाली राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर अशी ठिकाणं आहेत, अकलोली आणि वज्रेश्वरी तर आमच्या हाकेवर. हे आजीला सांगून झालेलं आहे. तिचं म्हणणं, ‘असेल. पण गुडघ्याला बरं वाटतं ना?’

ती परत येते तेव्हा मी डबा भरत असते.

‘आज तुझा मारेकरी यायचा ना गं?’

मारेकरी म्हणजे एचटीआरए-टू. ते एक प्रथिन आहे, तुमच्या-माझ्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. रबाळ्याला एका छोट्या कंपनीत मी नोकरी करते. संशोधकांना लागणारी प्रथिनं आम्ही मागणीप्रमाणे तयार करून देतो, आणि सध्या या प्रथिनाची मागणी आली आहे. पेशीला मरायची वेळ आली की हे तिला मरायला लावतं, एवढंच मी एकदा घरी सांगितलं आणि नाव पडलं ते पडलंच. आजीला दोष देता येत नाही. आमच्या कंपनीच्या यादीतही ते ‘पेशीमृत्यू घडवणारी प्रथिनं’ या सदराखाली आहे. मला ते सदर पटत नाही, आणि त्यावरून आज सरांशी बोलायचं मी ठरवलेलं आहे.

साडेपाच

एसटी वज्रेश्वरीवरून अंबाडी नाक्याला येते. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतल्यावर नवस फेडायला बांधलेलं देऊळ टेकाडावर अंधारातच मागे पडतं. नाक्यावर भिवंडीची गाडी मिळेपर्यंत उभं राहावं लागतं. आवणीचे दिवस आहेत. रस्त्याला लागून शेतात पाणी भरलंय आणि त्या पाण्यात बेडकाची पिल्लं. काहींना मागचे पाय फुटलेत, काहींना चारही, आणि शेपूट अजून शाबूत. आठ-दहा दिवसांनी बघावं तर शेपूट नसतं. ते गळून पडत नाही, कुणी खातही नाही. थायरॉइडच्या संप्रेरकाचा निरोप आला की शेपटीतल्या पेशी एकामागून एक स्वतःला मोडीत काढतात आणि त्यांचा माल बाकीच्या शरीराच्या कामी येतो. कार्ल फोग्ट नावाच्या जर्मन माणसाने बेडकाच्याच जातीत पेशी अशा ठरल्यासारख्या मरताना १८४२ साली पाहिल्या होत्या. पुढे शंभरावर वर्षं तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७२ मध्ये कर, वायली आणि करी या तिघांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं, तेव्हा कुठे हा विषय उभा राहिला.

मोठ्या माणसाच्या अंगात रोज पाच-सात हजार कोटी पेशी अशा मरतात असा पाठ्यपुस्तकातला अंदाज आहे. आईच्या पोटात आपल्या बोटांच्या मधले पडदे जातात तेही असेच. यातलं काही दुखत नाही, सुजत नाही. शेजारच्या पेशी उरलेले तुकडे गिळून टाकतात.

भिवंडी-वाडा रस्त्यावर विचार करता येतो तो एवढाच. पुढे खड्डे सुरू होतात आणि डबा मांडीवर धरून बसावं लागतं.

सात

भिवंडीत गाडी बदलायच्या आधी काकांकडे चहा. काका भाड्याच्या गाळ्यात साधे यंत्रमाग चालवतात. आत शिरलं की बोललेलं ऐकू येत नाही. इथली माणसं ओठ वाचतात.

पेशीमृत्यू म्हणजे काय हे मला खरं कळलं ते या गाळ्यात, एमएस्सीच्या वर्गात नव्हे. धोटा इकडून तिकडे जातो, बाणा टाकतो. बाणा तुटला किंवा कांडी संपली, की मागाला बसवलेला एक छोटा काटा खाली पडतो आणि माग आपोआप थांबतो. कारागीर येतो, धागा लावतो, पुन्हा सुरू. हा काटा कुणी बांधून ठेवला तर माग थांबत नाही, पण खाली जे कापड निघतं ते कापड नसतं, नुसता ताणा. कॅन्सरच्या पेशीने बहुधा हेच केलेलं असतं. तिच्यात बिघाड झालेला असतो, तो तिला ‘दिसतो’ही, पण थांबवणारा काटा तिने कुठेतरी बांधलेला असतो. एवढ्यावर उपमा संपते. तुटलेल्या धाग्यासाठी काका माग जाळून टाकत नाहीत. शरीर मात्र पेशी दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुष्कळदा ती मोडीत काढणंच पसंत करतं.

काका विचारतात, ‘पगार वाढला का?’ नाही वाढला. चहा पिऊन निघते. काल्हेर, कशेळीचा पूल, ठाणे, आणि तिथून ट्रान्स-हार्बरची लोकल.

सव्वानऊ

लॅबचं दार उघडलं की पहिला वास ई. कोलायचा. ज्याने तो रोज घेतला आहे त्यालाच तो ओळखू येतो. थोडा आंबूस, थोडा शिळ्या कालवणासारखा. शेकरमध्ये कालपासून दोन मोठे फ्लास्क फिरताहेत. काल दुपारी जिवाणू सदतीस अंशांवर वाढवले, पुरेसे गढूळ झाले तेव्हा आयपीटीजी घातलं आणि तापमान अठरावर आणलं. आयपीटीजी म्हणजे जिवाणूला दिलेला हुकूम: तुझं काम बाजूला ठेव, तुझ्यात घातलेल्या माणसाच्या जनुकावरून प्रथिन बनवायला लाग. गारव्यात काम हळू होतं, पण प्रथिनाची घडी नीट बसते. गरमीत घाई होते आणि प्रथिनाचे गोळे होऊन तळाशी बसतात.

दोन फ्लास्क कशाला, असं नवीन शिकाऊ मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती कल्याणहून येते, हुशार आहे. एका फ्लास्कमध्ये मूळ प्रथिन, ज्याला आम्ही वाइल्ड टाइप म्हणतो. दुसऱ्यात तेच, फक्त एक जागा बदललेली. एचटीआरए-टू हे कापणारं प्रथिन आहे, दुसरी प्रथिनं तोडतं. त्याच्या साखळीत ३०६ व्या जागी सेरिन नावाचं अमिनो आम्ल आहे आणि कापण्याचं काम त्या सेरिनवर अवलंबून आहे. म्युटंटमध्ये तिथे अॅलानिन घातलंय. दोघांत फरक ऑक्सिजनच्या एका अणूचा. बाकी घडण, वजन, चेहरामोहरा सगळं तेच, पण कापणं बंद. खरेदी करणाऱ्याला दोन्ही हवी असतात. नाहीतर नळीत जे कापलं गेलं ते याने कापलं की आणखी कुणी, हे सांगणार कसं?

दहा

सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून पाणी ओतून दिलं की बाटलीच्या तळाला पिठीचा गोळा उरतो, भुऱ्या रंगाचा. तो बफरमध्ये विरघळवायचा आणि बर्फात ठेवून सोनिकेटरची दांडी आत सोडायची. दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद. चालू असताना जो आवाज येतो त्याने दाढा शिवशिवतात. आपण कानात बोळे घालतो तरी. बर्फ महत्त्वाचा, कारण ध्वनीने द्रव तापतो, आणि हे प्रथिन तापलं की उलटंच वागतं. त्याबद्दल दुपारी.

जिवाणू फुटले की दुधाळ द्रव पातळ आणि चकचकीत होतो. त्यात जिवाणूची स्वतःची हजारो प्रथिनं आणि त्यात आमचं एक. ते एक काढायचं कसं? त्याच्या शेपटाला सहा हिस्टिडिन जोडलेली असतात आणि हिस्टिडिनला निकेल आवडतं. हिरवट-निळ्या निकेलच्या मण्यांतून हा द्रव थेंब थेंब सोडला की आमचं प्रथिन मण्यांना धरून बसतं, बाकी वाहून जातं.

ही खूण शेपटाला का, डोक्याला का नाही? इथे मामला नाजूक आहे. पेशीत हे प्रथिन ४५८ अमिनो आम्लांचं बनतं. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, पोचल्यावर पुढची १३३ तुटून जातात आणि जे डोकं उघडं पडतं त्याची पहिली चार अक्षरं ठरलेली आहेत: अॅलानिन, व्हॅलिन, प्रोलिन, सेरिन. हीच त्याची नखं. त्यांच्यापुढे काहीही जोडलं की ती निकामी. आम्ही जिवाणूला जे जनुक देतो त्यात सुरुवातीला मेथिओनिन द्यावंच लागतं, त्याशिवाय साखळी सुरू होत नाही. पण पुढचं अॅलानिन लहान असल्यामुळे जिवाणूचंच एक विकर ते मेथिओनिन छाटून टाकतं. फुकटात झालेलं काम. अशा गोष्टी कुणी मुद्दाम शिकवत नाही, हाताखाली काम करताना कळतात.

बारा

मण्यांचा कॉलम धुतला जातोय. आता घाई करता येत नाही, बसून राहावं लागतं.

ही चार अक्षरं पकडतात कुणाला, ते सांगते. पेशीत कॅस्पेज नावाची कापणारी विकरं झोपवून ठेवलेली असतात. ती जागी झाली की पेशी आतून कुरतडली जाते. ती चुकून जागी होऊ नयेत म्हणून त्यांना दाबून धरणारी आणखी काही प्रथिनं असतात, त्यातलं दांडगं म्हणजे एक्सआयएपी. पेशीला जबर इजा झाली, तिच्या डीएनएची दुरुस्ती होईना, की बॅक्स आणि बॅक ही दुसरी दोन प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात. आतला माल बाहेर सांडतो. त्यात सायटोक्रोम सी असतं, स्मॅक असतं आणि आमचं एचटीआरए-टू असतं. ते बाहेर येतं, चार नखांनी एक्सआयएपीला धरतं, शिवाय त्याला कापूनही टाकतं. कॅस्पेज मोकळी सुटतात. २००१ साली जपानच्या र्योसुके ताकाहाशी यांच्या गटासह एकाहून अधिक प्रयोगशाळांनी ही पकड दाखवली आणि प्रथिनाच्या कपाळावर ‘मृत्यू घडवणारं’ हा शिक्का बसला. एक वर्ष आधी ते सापडलं तेव्हा कुणी त्याला ओमी म्हणत होतं, कुणी एचटीआरए-टू. कॅस्पेज बंद पाडली तरी ते निव्वळ कापण्याच्या जोरावर पेशी मारू शकतं, हेही दिसलं.

पलीकडच्या खोलीत आमच्यातली एकजण तेच बघते आहे, हेला पेशींवर. मायटोकॉन्ड्रियाबाहेर हे प्रथिन जादा झालं की प्लेटला चिकटून पसरलेल्या पेशी गोल होतात, पृष्ठभागावर बुडबुडे येतात, मग त्या सुटून तरंगू लागतात. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून जॉर्ज गाय यांनी ज्या पेशी वाढवल्या त्यांचंच हे वाण. त्याच गाय यांच्याकडे पुण्याच्या कमल रणदिवे शिकून आल्या. परळला १९५२ साली सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी काम केलं आणि देशात ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. खारघरचं अॅक्ट्रेक ही त्याच संस्थेची पुढची पिढी. आणि अॅक्ट्रेकमध्येच डॉ. काकोली बोस यांच्या गटाने गेली कित्येक वर्षं एचटीआरए-टूचा पिच्छा पुरवला आहे. कापण्याच्या जागेपासून लांब कुठेतरी काही चिकटलं तर कापण्याचं तोंड कसं उघडतं, हा त्यांचा प्रश्न. आमच्या लोकलच्याच रुळावर आठ-दहा स्टेशनं पुढे हे काम चालतं. आपल्याकडे विज्ञानाची बातमी आली की डोळ्यांपुढे आधी बोस्टन येतं, हे मला खटकतं.

कॉलममधून पहिला थेंब. मी प्लेटवरच्या तपकिरी ब्रॅडफर्डमध्ये, प्रथिन असलं की निळ्या होणाऱ्या रंगात, एक थेंब सोडते. निळं. दुसरा, गर्द निळं. तिसरा आणखी गर्द. आलं.

दीड

डबा. भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, आजीने ओंजळभर दिलेलं तिखट वेगळं. शिकाऊ मुलगी समोर बसते आणि नेमकं विचारते, ‘ताई, हे पेशी मारतं ना? मग ज्याच्यात हे नाही त्याला कॅन्सर होत असेल.’

तसं व्हायला हवं होतं. सगळ्यांना तसंच वाटलं होतं. उंदरांची एक जात होती, एमएनडी-टू नावाची, त्यात एक दोष आपोआप उद्भवला होता. पिल्लं तीन आठवडे धडधाकट, मग चाल बिघडते, वजन उतरतं, अंग आखडतं आणि चाळीस दिवसांच्या आत मरतात. मेंदूच्या एका भागातल्या पेशी झडलेल्या असतात. २००३ मध्ये या दोषाचं जनुक सापडलं. ते एचटीआरए-टूचं निघालं. २७६ व्या जागचं सेरिन बदललेलं आणि प्रथिनाचं कापणं बंद. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने हे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले. तेही तसेच मेले.

म्हणजे ज्याला आपण मारेकरी ठरवलं, तो घरात नसला तर पेशी जास्त मरतात.

मुलगी घास हातात धरून बसते.

उलगडा असा, की हे प्रथिन आयुष्याचा बहुतेक काळ मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पडद्यांच्या मधल्या जागेत काढतं. तिथे वेडीवाकडी घडी झालेली, खराब झालेली प्रथिनं साचत असतात. ती तोडून जागा साफ ठेवणं हे त्याचं रोजचं काम. ते झालं नाही तर कचरा साचतो, मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, आणि ज्यांना ऊर्जा अखंड लागते त्या मेंदूच्या पेशी आधी ढासळतात. नंतर कुणी या उंदरांच्या फक्त चेतापेशींत हे प्रथिन परत घातलं. उंदीर जगले, पण बाकीच्या अंगाने अकाली म्हातारे झाले. केस गेले, पाठीला बाक आला. २०१६ पासून माणसांतही अशी बाळं नोंदली गेली, ज्यांच्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. फार थोडी आहेत, पण जन्मतःच अंग ताठ, झटके, आणि बरीचशी पहिल्या काही महिन्यांतच गेली.

‘आणि पार्किन्सन?’ तिने वाचलेलं असतं. तिथे मी जपून बोलते. २००५ मध्ये जर्मनीतल्या काही रुग्णांत ३९९ व्या जागचा बदल दिसला आणि याला पार्किन्सनचं जनुक म्हणून क्रमांकही मिळाला. मग तोच बदल ठणठणीत माणसांतही सापडला. तुर्कस्तानातल्या एका मोठ्या घराण्यात हात थरथरण्याचा विकार या बदलाबरोबर पिढ्यान्पिढ्या चालत आलेला दिसतो, तेही खरं. हा वाद मिटलेला नाही, आणि दुसऱ्याच्या घरातल्या कंपावर डब्याच्या वेळी निदान करू नये.

तीन

आता त्याची परीक्षा. कापायला काय द्यायचं? बीटा-केसिन, दुधातलं प्रथिन. केसिनची घडी मुळात सैल असते, त्यामुळे कापणाऱ्याला ते सोपं. चार नळ्या सदतीस अंशांवर, चार पंचेचाळीसवर. दोन्हीकडे वाइल्ड टाइप आणि म्युटंट, शून्य मिनिट आणि तीस मिनिटं.

पंचेचाळीस कशाला? हे सगळं घराणंच उष्णतेत निपजलेलं आहे. याचा मूळपुरुष सापडला ई. कोलायमध्ये, १९८८ च्या सुमारास. एक जनुक बिघडलं की जिवाणू एरवी मजेत वाढायचे, पण तापमान बेचाळीसच्या वर गेलं की मरायचे. तापात प्रथिनं उलगडतात, त्यांचा गुंता होतो, आणि तो साफ करणारा नसेल तर पेशी गुदमरते. एचटीआर ही अक्षरं त्याच गुणावरून आली. माणसातलं भावंड मायटोकॉन्ड्रियात राहायला गेलं, पण खोड गेली नाही. तापवलं की त्याचं कापणं वाढतं. बाकीची बहुतेक विकरं ज्या तापमानाला कुरकुर सुरू करतात, तिथे याला हुरूप येतो.

त्यामागे त्याचा आकार आहे. तीन रेणू एकमेकांना धरून पिरॅमिडसारखे उभे राहतात. कापणारं तोंड त्या पिरॅमिडच्या आत, आणि प्रत्येक रेणूचा पीडीझेड नावाचा भाग त्यावर झाकणासारखा. २००२ मध्ये प्रिन्स्टनच्या यिगाँग शी यांच्या प्रयोगशाळेने क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. झाकण घट्ट असतं तोवर आत काही जात नाही. ऊब मिळाली किंवा योग्य भागीदार येऊन चिकटला, की झाकणं हलतात. उगाच कुणालाही कापत सुटू नये याची एवढी तजवीज असलेल्या प्रथिनाला मारेकरी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

वेळ झाली. प्रत्येक नळीत निळा रंग आणि एसडीएस घालून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. आता काही कापलं जाणार नाही.

चार

प्रथिनं आकारावरून वेगळी करणारं जेल लावलं. या तासात सरांशी बोलायचं होतं. ते फोनवर होते. गिऱ्हाईक.

या प्रथिनाची गिऱ्हाइकं दोन जातींची, हे मला इथे आल्यावर कळलं. एक कॅन्सरवाले. त्यांना असं औषध हवंय की जे याचं झाकण उघडेल आणि गाठीतली पेशी मरेल. दुसरे हृदय आणि मेंदूवाले. रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला की धडधाकट पेशीही हकनाक मरतात. तिथे त्यांना याला रोखायचंय. यूसीएफ-१०१ नावाचा एक रोधक रेणू आहे, तो दिल्यावर प्राण्यांच्या हृदयाचं नुकसान कमी झालेलं प्रयोगांत दिसलं. एकाच डब्यातून एकाला चालू करायला आणि दुसऱ्याला बंद करायला माल जातो. दोघांपैकी कुणाचंही औषध अजून दवाखान्यात पोचलेलं नाही.

साडेपाच

जेल रंगातून काढून धुवायला ठेवलं. व्हिनेगरचा वास सगळ्या खोलीत. पार्श्वभूमीचा निळा हळूहळू उतरतो आणि पट्टे उरतात.

वाइल्ड टाइप, शून्य मिनिट: वर एक जाड पट्टा, छत्तीस किलोडाल्टनच्या आसपास, तो आमचा. खाली केसिनचा. तीस मिनिटं, सदतीस अंश: केसिन अर्धं गेलेलं, खाली तुकड्यांची पुसट शिडी. पंचेचाळीस अंश: केसिन जवळजवळ नाही. मुलगी टाळी वाजवते.

मी म्युटंटच्या रांगा बघत असते. सदतीसला केसिन जसंच्या तसं. पंचेचाळीसला मात्र पट्टा किंचित बारीक, आणि खाली डोळे बारीक करून बघावी अशी एक रेघ. म्युटंट कापू शकत नाही. मग कुणी कापलं?

लाइट-बॉक्सवर जेल उलटंपालटं करून झालं. माझा संशय जिवाणूवर आहे. ई. कोलायचं स्वतःचं, मूळपुरुषाच्या घराण्यातलं कापणारं प्रथिन त्याच्यात असतंच, आणि त्यालाही उष्णता मानवते. धुताना थोडं मागे राहिलं असणार. सदतीसला गप्प बसलं, पंचेचाळीसला उठलं. तसं असेल तर वाइल्ड टाइपच्या नळीतही ते आहे, आणि तिथल्या कापण्याचं सगळं श्रेय आमच्या प्रथिनाला देता येणार नाही. हा माल असा पाठवता येत नाही. आकारावरून वेगळं करणाऱ्या कॉलममधून पुन्हा काढावा लागेल. आमचं तिघांचं त्रिकूट सुमारे एकशे आठ किलोडाल्टनचं, आणि जिवाणूचं ते प्रथिन त्याहून मोठ्या जुडीने राहतं. वेगळं व्हायला हवं.

सर येऊन बघतात, मान हलवतात. ‘दोन दिवस वाढले.’

‘हो. आणि सर, यादीतलं ते सदर...’

मी उंदीर सांगते, बाळं सांगते, दोन पडद्यांमधली साफसफाई सांगते. ते ऐकतात. त्यांनी हे सगळं माझ्या आधी वाचलेलं आहे.

‘तू म्हणतेस ते बरोबर आहे,’ ते म्हणतात. ‘पण शोधणारा माणूस अपॉप्टोसिस टाकूनच शोधतो. तुझ्या घरकामाच्या सदराखाली ठेवलं तर कोण घेईल?’

यावर माझ्याकडे उत्तर नसतं. शेवटी तोडगा निघतो. सदर तेच राहील, पण माहितीपत्रकात पहिल्या ओळीत मायटोकॉन्ड्रियातली देखभाल आणि दुसऱ्या ओळीत पेशीमृत्यू. मजकूर मी लिहायचा. पगारात नाही बसत हे काम, पण घेते.

पावणेसात

दोन्ही प्रथिनं डायलिसिसच्या पिशव्यांत भरून, चिमटे लावून, शीतगृहातल्या बफरमध्ये सोडली. प्रथिन मण्यांवरून सोडवायला वापरलेलं इमिडॅझोल रात्रभरात निघून जाईल. वाइल्ड टाइपचा थोडा भाग वेगळा काढून बर्फात. वहीत नोंद, तारीख, सही. लोकलला गर्दी, ठाण्याला त्याहून. अंजूरफाट्याला गाडी अडकते तेव्हा नऊ वाजलेले असतात.

रात्री दहा

गणेशपुरीत दुकानं केव्हाच बंद झालेली. आजी जागी असते, विचारते, ‘मिळाला का?’ मिळाला, पण बरोबर एक भाऊबंद घेऊन आला, म्हणते मी. ‘मग हाकल त्याला,’ ती कूस बदलत म्हणते.

मोबाइलवर शिकाऊ मुलीचा निरोप. उद्या माझ्या आधी ती पोचणार आहे, काय करू विचारते. मी जेवता जेवता एका हाताने लिहिते: ‘आल्या आल्या बफर बदल. मोठ्या कॉलमवर आधी म्युटंट लाव. वाइल्ड टाइप बर्फातून काढू नकोस, बाहेर राहिलं तर स्वतःलाच कापत बसेल.’